पाच जणांच्या घरात बोर्ड गेम: आधी ताटकळणं कमी करा

एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात पाच माणसं: सत्तरीच्या सासूबाई, नवरा-बायको, नववीतली मुलगी, दुसरीतला मुलगा. शनिवार-रविवारी एकत्र खेळायचं म्हणून व्यापार नाहीतर ल्युडो निघतो. अर्ध्या तासात मुलगी मोबाइलमध्ये शिरते, हरायला लागलं की मुलगा पट उधळतो, आणि नवरा "तुम्ही चालू ठेवा, आलोच" म्हणून उठतो तो काही परत येत नाही. तर कुठला गेम विकत घ्यावा?

नावं सांगतेच, पण आधी एक आठवून बघा. मागच्या वेळी खेळ मोडला तेव्हा पाळी कोणाची होती? सुट्टीच्या दिवशी कुटुंबांना बोर्ड गेम शिकवणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. टेबलाशेजारी उभं राहून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: खेळ मोडतो तो ज्याची पाळी नाही त्याच्याकडून. मोबाइल उचलला जातो तो दुसऱ्याच्या पाळीत. बाबा उठतात ते दुसऱ्याच्या पाळीत. पट उधळणारा मुलगासुद्धा स्वतःचा फासा टाकताना उधळत नाही. त्याची सोंगटी कोणीतरी मारतं आणि बाकीची माणसं खेळून होईपर्यंत त्याच्या हातात काहीच नसतं, तेव्हा त्याचा हात पटावर जातो.

हिशोब सोपा आहे. पाच जण, प्रत्येकाला दीड मिनिट लागलं तर एक पाळी संपल्यावर दुसरी यायला सहा मिनिटं. नववीतल्या मुलीने सहा मिनिटं दुसऱ्यांचे फासे बघत बसावं ही अपेक्षा मी तरी ठेवत नाही. मोठी माणसंही बसत नाहीत, फक्त ती "ऑफिसचा मेसेज आहे" म्हणतात.

ल्युडोत तर हे नियमातच बसलंय. सहा पडल्याशिवाय सोंगटी बाहेर नाही. पहिल्या पाच फेऱ्यांत एकदाही सहा न पडण्याची शक्यता ४० टक्के, आणि दहा फेऱ्यांनंतरही कोरडं राहण्याची १६ टक्के. म्हणजे जवळजवळ दर डावात कोणीतरी एक जण बराच वेळ नुसता फासा टाकून पुढे सरकवत असतो, आणि तो एक जण दुसरीतला असला की संपलंच. यावर उपाय फुकटचा आहे. प्रत्येकाची एक सोंगटी सुरुवातीपासून बाहेर ठेवा, किंवा एक आणि सहा दोन्हींवर सोंगटी निघू द्या. दुसऱ्या नियमाने पाच फेऱ्या कोरड्या जाण्याची शक्यता ४० वरून १३ टक्क्यांवर येते. पट चौघांचाच असतो, त्यामुळे मुलगा आणि आजी मिळून एक रंग.

व्यापारचं दुखणं जास्त खोल आहे. त्याचं मूळ मोनॉपॉलीत, आणि मोनॉपॉलीचं मूळ एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंच्या 'लँडलॉर्ड्स गेम'मध्ये. त्यांनी १९०४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं ते जमीनमालक भाडं घेऊन घेऊन बाकीच्यांना कसे कंगाल करतात हे दाखवायला. म्हणजे एक माणूस गबर आणि बाकीचे भिकेला, हा खेळाचा दोष नसून तोच त्याचा मुद्दा होता. आता घरात काय होतं बघा. तासाभरात कळतं की कोण जिंकणार. ते कळल्यावरही आणखी तासभर खेळावं लागतं, आणि जो आधी बुडतो तो सोफ्यावर जाऊन बसतो. त्यात आपण घरगुती नियमांची भर घालतो: दंडाचे पैसे मधे साठवायचे आणि पार्किंगवर येणाऱ्याला द्यायचे. मूळ मोनॉपॉलीच्या नियमांत हे नाही. बुडायला आलेल्या माणसाला असे पैसे मिळाले की तो आणखी अर्धा तास बुडत राहतो. उलट जो नियम खेळ पळवतो तो आपण वगळतो: एखाद्याने जागा घेतली नाही तर तिथल्या तिथे तिचा लिलाव व्हायचा असतो. लिलावात सगळे एकाच वेळी बोलतात, कोणी ताटकळत नाही. तेव्हा व्यापारच खेळायचा असेल तर पार्किंगचे पैसे बंद, लिलाव चालू, आणि मोबाइलवर सव्वा तासाचा गजर. गजर झाला की रोकड आणि जागांची किंमत मोजायची, ज्याची बेरीज जास्त तो जिंकला. या बदलांनंतर व्यापार बराच बरा होतो, तरी पहिल्या शनिवारी मी तो काढणार नाही.

पहिल्या शनिवारी काहीही विकत न घेता पत्त्यांचा जोड काढा आणि बदाम सात खेळा. पाच जणांत बावन्न पानं वाटली की दोघांना अकरा, तिघांना दहा. ज्याच्याकडे बदामची सत्ती तो सुरू करतो, मग खाली-वर लावत जायचं, नाहीतर पास. एका पाळीला पाच सेकंद लागतात. दुसरीतल्या मुलाला आकडे आणि रंग कळतात, त्याला एवढं पुरतं. मुलीला हळूहळू कळेल की हातातली इस्पिकची अठ्ठी मुद्दाम दाबून ठेवली तर बाबांची राणी-राजा अडकून पडतात, आणि हे तिला कळलं की मोबाइल आपोआप खाली राहतो. डाव दहा मिनिटांत संपतो. हरलेला लगेच पुढच्या डावाची पानं पिसतो. घरातली माणसं एकमेकांसोबत किती वेळ बसू शकतात, हे यातून तुम्हाला कळेल, आणि विकत काय घ्यायचं ते त्यावर ठरवा.

मेंढीकोट याहून रंगतदार, पण तो चौघांचा आणि समोरासमोरच्या जोड्यांचा. दहिले धरायचे, चारही धरले तर कोट, तेराही हात केले तर बावनी. यात सासूबाई आणि नात अशी जोडी लावून बघा. सासूबाई लहानपणापासून खेळत आल्या असतील तर हुकूम कधी खोलायचा हे त्यांना कोणी शिकवायला नको, आणि नातीला आजी अचानक फार हुशार वाटायला लागते. खुणा करायच्या नाहीत असं सगळे म्हणतात. सगळे करतात. पाचवा म्हणजे मुलगा आजीच्या शेजारी बसून सांगितलेलं पान टाकतो आणि धरलेले दहिले सांभाळतो. एका डावापुरतं हे चालतं, संध्याकाळभर नाही.

आता विकतचे गेम. दुकानात खोक्यावर पहिलं काय बघायचं तर खेळाडूंची संख्या. तुम्ही पाच आहात आणि पुष्कळ चांगले गेम चौघांवर थांबतात. कॅटान प्रसिद्ध आहे, पण मूळ खोकं तीन-चार जणांचं, पाचव्यासाठी वेगळी जोड विकत घ्यावी लागते. शिवाय त्यात फाशांची बेरीज सात आली की दरोडेखोर हलवायचा आणि कोणाचं तरी पान ओढायचं. सात ही दोन फाशांवर सगळ्यात जास्त वेळा येणारी बेरीज, सहातून एकदा. तुमच्या घरात पट उधळला जातोय. दर सहा फाशांना एक दरोडा इतक्यात नको.

मी तुम्हाला कारकासोन सुचवेन. फ्रान्समधल्या तटबंदीच्या गावाचं नाव, पण जर्मन गेम, २००० सालचा. २००१ चा जर्मनीतला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार याला मिळाला. दोन ते पाच जण. ७२ चौकोनी फरशा, त्यांवर रस्ते, शहरं, मठ. एक फरशी उचलायची, जुळेल तिथे लावायची, वाटलं तर आपला लाकडी माणूस तिच्यावर ठेवायचा. सुरुवातीची एक मांडली की उरल्या ७१. पाच जणांत प्रत्येकाच्या वाट्याला चौदाएक पाळ्या. पाळीला अर्धा मिनिट धरलं तर पस्तीस-चाळीस मिनिटांत खेळ आटोपतो, आणि कोणीही मधे बाद होत नाही.

यात दोन गोष्टी खोक्यातल्या पुस्तिकेपेक्षा वेगळ्या करा. पहिली: आपली पाळी संपली की लगेच पुढची फरशी उचलून हातात ठेवायची, पाळी येईपर्यंत थांबायचं नाही. मग दुसरा खेळत असताना प्रत्येकजण आपली फरशी फिरवून बघत असतो आणि पाळी आल्यावर "थांबा हं, बघतो" होत नाही. एवढ्या एका बदलाने ताटकळणं बरंच कमी होतं. दुसरी: पहिल्या दोन-तीन डावांत माणूस शेतात आडवा ठेवायचा नियम पूर्ण वगळा. त्याचे गुण शेवटी मोजतात, ते नवख्याला समजत नाहीत, आणि ज्याला समजतात तो गुपचूप वीस-पंचवीस गुण घेऊन जातो. नव्या घरांत शेवटचं भांडण हमखास त्यावरच होतं. बाकी फरशी सगळ्यांसमोर उघडी असल्यामुळे आख्खं टेबल मुलाला मदत करू शकतं, हे लहान मुलं असलेल्या घरासाठी फार मोलाचं आहे.

दुसरा गेम टिकिट टू राइड, २००४ चा. रंगीत पत्ते गोळा करून नकाशावर आगगाडीचे डबे मांडायचे आणि हातातल्या तिकिटांवरची गावं जोडायची. लोक याचे नियम वीस मिनिटं सांगत बसतात आणि ऐकणाऱ्यांचा जीव जातो. माझी पद्धत अशी. नकाशा मांडते, प्रत्येकाला ४५ डबे देते आणि म्हणते, "तिकिटावरची दोन गावं आपल्या डब्यांनी जोडली की गुण, राहिली तर तेवढेच गुण वजा. पाळी आली की तीनपैकी एकच गोष्ट करायची: पत्ते उचला, नाहीतर एक मार्ग भरा, नाहीतर नवी तिकिटं घ्या." मग चार निळे पत्ते टाकून चार डब्यांचा निळा मार्ग भरून दाखवते आणि गुणपट्टीवर सात घरं पुढे जाते. बस, सुरू. कुठल्याही रंगासाठी चालणारा इंजिनाचा पत्ता उघड्यांतून उचलला तर त्या पाळीत दुसरा मिळत नाही, हे पहिल्यांदा कोणी उचलेल तेव्हा सांगायचं. एकच गोष्ट करायची असल्यामुळे पाळ्या भराभर जातात. आणि तिकिटं शेवटपर्यंत झाकलेली असल्यामुळे कोण हरतंय हे कोणालाच, हरणाऱ्यालासुद्धा, कळत नाही. तुमच्या मुलासाठी मला हा गुण सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. खोक्यावर आठ वर्षांपुढे लिहिलंय, त्यामुळे पहिल्यांदा त्याने आजीबरोबर मिळून खेळावं: आजीने ठरवायचं, त्याने डबे मांडायचे. गावांची नावं इंग्रजीत असतात, ती तो वाचून दाखवेल.

याचा १९११ च्या भारताचा नकाशाही मिळतो आणि बघितला की मोह होतो. पण तो चौघांपर्यंतच आहे, आणि डबे-पत्ते मूळ खोक्यातलेच लागतात. तुम्ही आधी मूळ खोकं घ्या. आयात गेमला हजारांत पैसे मोजावे लागतात, म्हणून आधी ओळखीतल्या कोणाकडून किंवा बोर्ड गेम कॅफेत जाऊन एक डाव खेळून बघा. दुकानातल्या खोक्यावरच्या चित्राला भुलू नका.

रमी येणाऱ्या घराला मी एरवी डोळे मिटून रमीकब सांगते. १०६ ठोकळे, भाषा नाही, आकडे मोठे, सत्तरीतल्या डोळ्यांना सोयीचे. पण तो चौघांचा, आणि शेवटी शेवटी एकेकजण पटावरचे सगळे संच मोडून पुन्हा मांडत बसतो. मिनिटाचं घड्याळ लावल्याशिवाय खेळू नका.

मुलीसाठी वेगळा विचार करायला हवा. या वयाची मुलं खेळायला नाही म्हणत नाहीत, त्यांना 'खेळवलेलं' आवडत नाही. नवा गेम आला की तो शुक्रवारी रात्री तिच्याकडे द्या. व्हिडिओ बघून नियम तिने शिकायचे आणि शनिवारी तिने शिकवायचे. ती चुकली तरी बाबांनी मधे तोंड घालायचं नाही. चुकीच्या नियमाने एक डाव झाला तर काही बिघडत नाही. गुणही तिनेच मोबाइलवर मांडावेत. मोबाइल टेबलावर असतोच, त्याला काम द्या.

तिला शब्दांची आवड असेल तर कोडनेम्स घरी मराठीत करा, त्याला खोकं लागत नाही. पंचवीस चिठ्ठ्यांवर एकेक शब्द लिहून पाच बाय पाच मांडायचे. दोन गट, प्रत्येकाचा एक म्होरक्या. म्होरक्यांकडच्या कागदावर कोणते नऊ शब्द पहिल्या गटाचे, कोणते आठ दुसऱ्याचे, सात कोणाचेच नाहीत आणि एक घातकी, हे लिहिलेलं. म्होरक्याने एक शब्द आणि एक आकडा एवढंच बोलायचं, गटाने त्यावरून आपले शब्द ओळखायचे, घातकी शब्दाला बोट लागलं की गट हरला. मराठीत याला फार मजा येते, कारण वर, हार, पान, अंक, नाव, माळ, तार असे दोन-तीन अर्थांचे शब्द पोत्याने आहेत. म्होरक्या म्हणाली "लग्न, दोन", तिच्या मनात वर आणि हार. आजी पहिलं बोट ठेवते पानावर, कारण लग्न म्हटल्यावर त्यांना पंगतीतली पानं आठवतात. त्यावर जो आरडाओरडा होतो त्यासाठीच हा खेळ खेळायचा. यात कोणी ताटकळत नाही, कारण समोरच्या गटाची चर्चा चोरून ऐकणं हा अर्धा खेळ आहे.

मुलाच्या रडण्याबद्दल. त्याला मुद्दाम जिंकू देऊ नका. सात वर्षांच्या मुलाला ते कळतं, आणि मग खरोखर जिंकला तरी त्याला खात्री वाटत नाही. सवलत द्या, पण उघड आणि आधी सांगून. कारकासोनमध्ये त्याने दोन फरशा उचलून हवी ती ठेवावी, दुसरी परत सारावी. बुद्धिबळात बाबांनी वजीर काढून खेळावं. तो जिंकायला लागला की सवलत कमी करत न्यायची, आणि ती कमी झाली याचाच त्याला अभिमान वाटतो. एक लांब डाव खेळण्यापेक्षा तीन छोटे खेळा. तिन्ही हरणं तसं कठीण असतं. नवीन गेमचा पहिला डाव सगळ्यांसाठीच कच्चं लिंबू, गुण मोजायचे नाहीत. आणि "चिडका बिब्बा" हे घरात बंद. ते बहुतेक वेळा मोठी बहीण म्हणते आणि बाबा हसतात. रडण्याचं निम्मं कारण ते हसणं असतं.

प्रश्नात सगळ्यांबद्दल लिहिलंय, स्वतःबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. तुम्ही डाव चालू असताना कुकरच्या शिट्ट्या मोजत असता का? मी पाहिलेल्या बऱ्याच घरांत आईची पाळी येते तेव्हा आई ओट्यापाशी असते. सगळे हाका मारतात, ती हात पुसत येते, कुठे काय चाललंय हे विचारते, घाईत काहीतरी खेळते आणि परत जाते. एका माणसामुळे बाकी चौघं ताटकळतात आणि वर तिलाच बोलणी बसतात. तेव्हा खेळाच्या वेळी गॅस बंद असला पाहिजे. खिचडी आधी करून ठेवा नाहीतर बाहेरून मागवा, आणि हे काम तुमच्या यजमानांकडे द्या. उठायची सवय त्यांना आहेच. खायला टेबलावर फुटाणे, खारे दाणे. वेफर्स, भजी, भेळ खेळ संपल्यावर. तेलाचं एक बोट लागलेलं पान पुढे कायम ओळखू येतं.

यजमानांना "आज सगळे मिळून खेळू या" म्हणू नका. "साडेपाच ते सव्वासहा" म्हणा आणि सव्वासहाला खरंच थांबा. डाव अर्धा असला तरी गुण मोजून थांबा. शेवट कधी हे माहीत असलं की माणूस बसतो.

बसण्याची जागाही बघा. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर सतरंजीवर खेळ मांडू नका, जेवणाच्या टेबलावर मांडा. पंखा एकवर, नाहीतर पत्ते उडतात. फासे कडेच्या ताटात टाकायचे, म्हणजे दर पाच मिनिटांनी दिवाणाखाली कोणी वाकत नाही. पावसाळ्यात पत्ते आणि पुठ्ठ्याच्या फरशा ओल धरून फुगतात, खोकं लोखंडी कपाटात वरच्या खणात ठेवा. बंद करण्यापूर्वी तुकडे मोजायचं काम मुलाला द्या. एखादा हरवलाच तर त्या रंगाचं शर्टाचं बटण चालतं.